आधी घार ओळखा: हिवाळ्यात शिकारी पक्षी बघायला निघालेल्या मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

शिकारी पक्षी बघायचे म्हटलं की लोक ताडोबाच्या तिकिटांची चौकशी करायला लागतात. मराठवाड्यात जंगल कमी, म्हणून इथं काय दिसणार, असा एक ठाम समज आहे. पण या गटातल्या बऱ्याच पक्ष्यांना दाट जंगल नकोच असतं. त्यांना उघडं रान लागतं, जिथं वरून उंदीर, सरडा, नाकतोडा दिसेल. ज्वारी-हरभऱ्याचं शिवार, गवताळ गायरान, पाझर तलाव, धुऱ्यावरची बाभळ आणि तिच्याशेजारी विजेचा खांब एवढं त्यांना पुरतं आणि आपल्याकडे याची काही कमी नाही. त्यात ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे, पार मध्य आशियातले पाहुणे इथं उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम करतात. म्हणजे जागा योग्य आहे आणि हंगामही योग्य आहे. अडतं ते ओळखण्यापाशी.

नवखा माणूस इथंच वैतागतो. पुस्तकात गरुड, ससाणे, भोवत्ये यांची चित्रं पानोपानी असतात आणि आकाशात मात्र एक काळा ठिपका गोल फिरत असतो. यावर माझा एकच उपाय आहे. पहिले दोन-तीन रविवार दुसरं काही शोधूच नका, फक्त घार बघा. ती इतकी पाठ करा की लांबून, पाठमोरी, ढगाआड जाताना दिसली तरी ओळखू यावी. मग जो पक्षी घारीसारखा वाटत नाही, तो आपोआप खटकतो. पुढचा सगळा लेख घारीला माप धरूनच लिहिला आहे.

निघण्याआधी

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. महिनाभर नुसत्या डोळ्यांनी फिरा. आवड टिकली तर ८×४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं, हात फारसा थरथरत नाही आणि दिसणारा पट्टा रुंद असल्यामुळे उडता पक्षी सापडतो. दुकानदार बहुधा दहापटीची गळ्यात मारायला बघेल, नवख्यानं त्या फंदात पडू नये. वीसपट-तीसपट लिहिलेली खेळण्यातली दुर्बीण तर फुकट मिळाली तरी नको. आणि शिकारी पक्षी उन्हात, उंचावर फिरतात म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही. लहान मुलं सोबत असतील तर हे आधी सांगायचं.

बाकी वही-पेन, पाण्याची बाटली, टोपी आणि मळकट रंगाचे कपडे. पायात बूट हवेत, आणि शक्यतो पँटचे पाय मोज्यात खोचा. हिवाळ्यात माळावरचं गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यात घुसतात आणि मग पक्षी राहतो बाजूला, माणूस दगडावर बसून कुसळं उपटत बसतो. सराट्यांचं तर बोलायलाच नको. थंडीतही घोणस सकाळी ऊन खात पडलेली असू शकते, तेव्हा दुर्बीण डोळ्याला लावून चालत राहायचं नाही. आधी थांबायचं, मग बघायचं.

कपड्यांचे थर चढवा. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि अकरा वाजता त्याच जागी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात.

वेळेचं गणित

पक्षीनिरीक्षण म्हणजे पहाटे पाचला उठणं, हा नियम इथं नीटसा लागू पडत नाही. मोठे पंख असलेल्या पक्ष्यांना उंच चढायला तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत लागतात. जमीन तापल्याशिवाय ते झोत तयार होत नाहीत. डिसेंबरात सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे नऊ-साडेनऊपर्यंत आकाश जवळपास रिकामं असतं. तोवर पक्षी कुठं असतात? खांबावर, टॉवरवर, वाळक्या झाडाच्या शेंड्यावर, पिसं फुगवून, उन्हाकडे छाती करून बसलेले.

म्हणून सात ते नऊ या वेळात शेंडे आणि खांब बघायचे. बसलेला पक्षी निवांत बघता येतो, रंग दिसतात, डोळेसुद्धा दिसतात. साडेनऊ ते साडेअकरा मान वर करायची, कारण आता घिरट्या सुरू होतात. दुपारी घरी जाऊन जेवा. साडेचारनंतर पुन्हा शिवाराकडे निघा. तेव्हा ऊन तिरपं असतं, उंदीर बिळाबाहेर येतात आणि कापशी हा छोटा, पांढुरका शिकारी पक्षी कामाला लागतो.

सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभं राहा. उन्हाच्या दिशेनं बघितलं तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि मग घारीलाही लोक गरुड म्हणतात.

घार

हिच्यासाठी कुठं जायची गरज नाही. मटण मार्केट, कचरा डेपो, बसस्टँडमागचं लिंबाचं झाड, कुठंही भेटेल. बघायचं ते हे.

शेपूट. घारीची शेपटी मध्ये खाचलेली असते. शेपूट पूर्ण पसरली की खाच नाहीशी होऊन ती सरळ दिसते, तेव्हा थोडं थांबायचं, मिटल्यावर पुन्हा खाच दिसते. शेपटीची हालचालही बघा. वळताना घार पंख फारसे हलवत नाही, शेपूट एका कुशीला पिळते. एवढी एक लकब नीट पाहिली तरी निम्मं काम होतं.

पंख. लांब, मनगटाशी किंचित वाकलेले, टोकाला बोटांसारखी सुटी पिसं. घिरट्या घालताना पंख साधारण सपाट किंवा थोडे खाली झुकलेले असतात. हे 'सपाट' लक्षात ठेवा, माळावर भोवत्या भेटेल तेव्हा कामाला येईल.

आकार. कावळ्याशेजारी घार बघा. कावळे तिला पिटाळतातच, त्यामुळे दोघं एकत्र दिसायला फार वाट बघावी लागत नाही. घार कावळ्यापेक्षा बरीच मोठी. आता तुमच्याकडे दोन मापं झाली, कावळा आणि घार. तिसरं माप पारव्याचं. कोणताही नवा पक्षी दिसला की 'पारव्याएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा' हा पहिला प्रश्न.

हिवाळा हा घारींचा घरटी बांधण्याचा काळ. चोचीत काडी, चिंधी, कधी तारेचा तुकडा घेऊन जाताना दिसतील. घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर झेप घेते आणि त्यात तिची चूक नसते.

तलावाच्या गावात राहत असाल तर ब्राह्मणी घारही बघून घ्या. डोकं नि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, आणि शेपटी गोलसर, खाच नाही. पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि नवख्याला फसवतं. शेपटी बघा, उलगडा होतो.

बागेत कान उघडे ठेवा

घार पाठ झाली की शहरातल्या जुन्या झाडांच्या जागा धरा. छत्रपती संभाजीनगरात हिमायतबाग, विद्यापीठाचा परिसर आणि मागची गोगाबाबा टेकडी, नांदेडात विद्यापीठाचा माळ, परभणीत कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, जिथं मोठी झाडं आणि प्रयोगाची शेतं शेजारीशेजारी आहेत. लातूर, बीड, धाराशिव, हिंगोली, जालन्यातही एखादी नगरपालिकेची बाग, जुनं कोर्ट-कचेरीचं आवार किंवा ईदगाहचं मैदान असतंच. जुनी चिंच, लिंब, वड आणि थोडी शांतता असली की झालं.

इथला राजा शिक्रा. पारव्याएवढाच, आणि तो दिसायच्या आधी ऐकू येतो. म्हणजे त्याला बघून बोंबलणारे ऐकू येतात. बागेत बाकावर बसून राहा. खारीची नेहमीची चिरचिर चाललेली असते, ती एकदम बदलते. एका लयीत, न थांबता, चिक-चिक-चिक असा सूर लागतो आणि खार बुंध्याला उलटी चिकटून, शेपटी झटकत, एकाच दिशेला बघत ओरडत राहते. सातभाई झुडपात घुसून कालवा करतात, बुलबुल त्यात सूर मिसळतात. कधी लगेच उलट होतं, सगळी बाग चिडीचूप होते. अशा वेळी आकाशात बघू नका. झाडाच्या मधल्या फांद्या, खोडाजवळचा भाग, पानांच्या आतली बाजू एकेक करून बघा. खार जिकडे तोंड करून ओरडते आहे तिकडेच तो असतो.

नराची पाठ राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, डोळा लालभडक. मादी थोडी मोठी, डोळा पिवळसर-नारिंगी. पिल्लाच्या छातीवर उभे तपकिरी फराटे. पंख आखूड आणि गोल, शेपूट लांब, पट्ट्यांची. झाडातून निघाला की जमिनीलगत वेगानं जातो आणि पुढच्या झाडात एकदम वर चढून बसतो. चार-पाच झपाझप फटकारे, मग तरंगणं, पुन्हा फटकारे. घारीसारखा निवांत कारभार नाही.

पावशाची फसगत टाळा. पावशा दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा. हिवाळ्यात तो ओरडत नाही, त्यामुळे घोटाळा वाढतो. चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची साधी, बारीक नि सरळसर.

त्याच बागेत संध्याकाळी पिंगळा भेटेल. तो घुबडांतला, पण शिकारीच. जुन्या झाडाच्या ढोलीत दिवसाही तोंड बाहेर काढून बसतो. ढोलीखाली पांढरी विष्ठा आणि केसाळ, राखाडी गोळ्या पडलेल्या दिसल्या तर जागा सापडली समजा. या गोळ्या पक्षी तोंडावाटे टाकतो. न पचलेले केस, हाडं, किड्यांची कवचं त्यात असतात. काडीनं फोडून बघा, उंदराचा इवलासा जबडा निघतो. हात लावू नका. मुलांना हे दाखवलं की ती पुढच्या रविवारी स्वतःहून उठतात.

शिवार

गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर गेलं की खेळ बदलतो. खरं तर एसटीच्या खिडकीतही हा धडा होतो. लातूर-नांदेड असो की बीड-परभणी, खांब आणि तारा बघत चला. कोतवाल बरेच असतील, दोन शेपट्या फाकलेले काळे. उडाल्यावर पंखात निळाई चमकली तर तो नीलकंठ, शिकारी पक्ष्यांच्या गटातला नाही. या सगळ्यांत एखादा पांढुरका, टपोरा, मान आखडून बसलेला पक्षी दिसेल, तो आपला.

कापशी. कावळ्यापेक्षा लहान, वरून राखाडी, खालून पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. बसल्या जागी शेपटी हळूच वरखाली करत राहते. शिकार बघायला मिळाली तर मोबाइल खिशात ठेवा नि बघत राहा. हरभऱ्यावर तीस-चाळीस फुटांवर ती हवेत एका जागी थांबते, पंख वर, मान खाली. मग पाय खाली सोडते. थोडी उतरते, पुन्हा थांबते. पुन्हा थोडी उतरते. आता ती पिकापासून पुरुषभर उंचीवर असते आणि तुम्हाला वाटतं की झालं, पण ती अंग काढून घेते आणि वीस पावलांवर जाऊन तोच प्रकार पुन्हा करते. नेम लागला की पंख पाठीवर उंच धरून सरळ खाली पडते. वर येताना पायात उंदीर असतो किंवा नसतो. नसतो तेव्हाच जास्त वेळा.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. धुऱ्यावर दुर्बीण लावून उभं राहिलं की हाक येतेच, "काय बघायलाव हो?" "कापशी बघतोय मामा." "ती व्हय. उंदरं मारती, राहू द्या तिला." एवढ्यावर ओळख होते, पुढं हुरड्याचं आमंत्रणही येऊ शकतं. वावरात शिरण्याआधी मात्र विचारायचं, आणि पिकातून चालायचं नाही.

हरभऱ्यात लावलेले इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबेही बघा. घाटेअळीसाठी एकरी २० थांबे लावण्याची शिफारस केली जाते. त्यांवर मुख्यतः कोतवाल, साळुंख्या बसतात, पण जवळ खांब नसेल तर कापशीलाही असला थांबा चालतो.

हवेत एका जागी थांबणारा दुसरा पक्षी म्हणजे खरूची, आणि नवख्याचा गोंधळ इथं ठरलेला. खरूची वाऱ्याकडे तोंड करून दोरीनं टांगल्यासारखी स्थिर राहते, पंखांची नुसती थरथर, शेपटी पंख्यासारखी उघडलेली. कापशीचे फटकारे खोल आणि संथ. खरूचीची पाठ विटकरी, पंख टोकदार, लांब शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. नराचं डोकं राखाडी. पांढरं दिसलं तर कापशी, विटकरी दिसलं तर खरूची. एवढं पुरे.

तिसरा तिसा. हा फारसा उडत नाही आणि म्हणूनच लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. बाभळीच्या ठेंगण्या फांदीवर किंवा कुंपणाच्या खांबावर तपकिरी, सुस्त बसलेला असतो. दुर्बिणीत डोळा पांढुरका दिसतो, गळा पांढरा आणि त्यावर मधोमध एक गडद रेघ. खाली नाकतोडा किंवा सरडा दिसला की टपकन उतरतो, परत येऊन बसतो. बारमाही इथलाच. मला वैयक्तिक विचाराल तर मराठवाड्याच्या कोरड्या रानाची ओळख सांगणारा पक्षी हाच, पण त्याचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

नदीकाठच्या गावात ऊसतोड चालू असेल तर तिथंही थांबा. पाचट पेटवलं किंवा ट्रॅक्टर फिरला की उंदीर, किडे बाहेर पडतात आणि घारी, गायबगळे, कोतवाल यांची झुंबड उडते. उभ्या उसात मात्र शिरू नका. रानडुक्कर तर असतंच, काही भागांत बिबट्याही असतो.

माळ

आता खरी हिवाळी मेजवानी. बालाघाटाच्या पठारावरचे माळ, बीडमध्ये पाटोदा-आष्टीकडचे, धाराशिवमध्ये भूम-परांड्याकडचे, वैजापूरकडचं उघडं रान, किंवा तुमच्याच गावचं गायरान, जिथं गुडघाभर पिवळं गवत शिल्लक आहे. नायगावचं मयूर अभयारण्य आणि येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य याच पट्ट्यात आहेत, पण तिथं झाडी जास्त. भोवत्यासाठी गवत हवं.

भोवत्या ओळखायला रंग लागत नाही. घारीचे पंख सपाट असतात, हे आठवा. भोवत्या तरंगताना दोन्ही पंख वर उचलून धरतो, समोरून इंग्रजी व्ही दिसतो. आणि तो उंचावर क्वचितच असतो. गवताच्या शेंड्यांवरून, कमरेच्या उंचीनं, डावीकडे-उजवीकडे डुलत, तोंड खाली घालून जातो. मध्येच एकदम वळून गवतात पडतो. नाकतोडे, चंडोल, छोटे उंदीर हे त्याचं खाणं.

पांढुरक्या भोवत्याचा नर फिकट राखाडी, जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर थोडा गडद आणि पंखावर आडवी काळी रेघ. माद्या आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग. या तपकिरी मंडळींत कोणती कुठली, यावर मुरलेले लोकही वाद घालतात. वहीत 'भोवत्या, मादी किंवा पिल्लू' लिहा आणि पुढं चला.

एका ठिकाणी बसून राहणं इथं जास्त फळतं. भोवत्यानं माळाचा एक पट्टा धरलेला असतो, अर्ध्या तासात तो फिरून येतो. संध्याकाळी हेच पक्षी ठरावीक गवताळ जागी जमिनीवर उतरून मुक्काम करतात. अशी जागा सापडली तर लांबूनच बघा आणि तिचा पत्ता गटांवर टाकू नका. दुसऱ्याच दिवशी चार गाड्या येऊन उभ्या राहतात.

गवताळ माळ 'ओसाड' समजून त्यावर खड्डे खणून झाडं लावायची हौस हल्ली फार आहे. हेतू चांगला असेलही. पण भोवत्याला, चंडोलाला, लांडग्याला तिथं गवतच हवं असतं. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला लावा की.

माळावर कधी घारीहून मोठा, खालून फिकट पांढरा पक्षी हवेत थांबलेला दिसेल. एवढं धूड खरूचीसारखं एका जागी कसं थांबतं, असं वाटलं तर तो सापमार गरुड. डोकं मोठं, घुबडासारखं वाटोळं. पायात लोंबणारा साप दिसला तर शंकाच नको. बाकी गरुडांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. पिंगट गरुड, नेपाळी गरुड, त्यांची वयानुसार बदलणारी पिसं, हे सगळं घारीइतकं सोपं नाही. शिवाय मोहोळघार आहेच, प्रत्येक वेळी वेगळा रंग लेवून येणारी. तिचं डोकं पारव्यासारखं बारीक नि मान लांब, एवढी खूण धरा.

पाणी

पैठणचा नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. १९७६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं आणि १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. लोक तिथं रोहित बघायला जातात. तुम्ही बदकांकडे बघा, पण शिकारी पक्ष्यांसाठी बघा. काठावर निवांत चरणारी शेकडो बदकं एकदम उठली तर वर काहीतरी आलेलं असतं. बहुधा दलदली भोवत्या. बाकी भोवत्यांपेक्षा थोराड, मादी गडद चॉकलेटी नि डोकं सायीच्या रंगाचं. बहिरी ससाणा आला तर गोंधळ वेगळाच असतो, थवा गच्च होऊन वळणं घेतो. उघड्या पाण्यातल्या वाळक्या खोडावर तपकिरी-पांढरा मोठा पक्षी एकटाच बसलेला असेल तर ऑस्प्रे असू शकतो. तो पाय पुढे करून पाण्यात झेपावतो नि मासा घेऊन उठतो.

नाथसागर लांब पडत असेल तर विष्णुपुरी, येलदरी, मांजरा, किंवा छत्रपती संभाजीनगर शहरातलं सलीम अली सरोवर. गावचा पाझर तलावही चालतो.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा. मग आकार (पारवा, कावळा, घार), पंखांची टोकं गोल की टोकदार, शेपटी, उडण्याची ढब, काय करत होता. रंग सगळ्यात शेवटी. वेडंवाकडं का होईना, चित्र काढा. नाव नाही सुचलं तर ओळ रिकामी सोडा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची सवय लावली तर नोंद टिकते आणि आसपास इतरांना काय दिसलं तेही कळतं. मर्लिन ॲपला फोटो दाखवला तर ते नाव सुचवतं, पण उंचावरच्या पक्ष्याच्या अंधुक फोटोवर त्याचा अंदाज हुकतो. तिथं तुमची वहीच कामाची.

एकट्यानं सुरुवात जड जात असेल तर मुहूर्त दोन आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा आणि १२ ला सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात वनविभाग, महाविद्यालयं फेऱ्या काढतात. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्षीगणना होते, त्यात घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटांची यादीही चालते.

थोडे दंडक

घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. मोबाइलवर आवाज वाजवून घुबड बोलवायचं नाही. पक्ष्यानं मान ताठ केली, तुमच्याकडे टक लावली, विष्ठा टाकली की तो उडण्याच्या बेतात असतो. तिथूनच मागे फिरा. दुर्बीण वस्तीकडे, शाळेकडे, पाणवठ्याकडे रोखायची नाही. लोकांना शंका येते आणि ती रास्त असते. मेंढपाळ भेटला तर रामराम करा, माळावर कुठं काय बसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

संक्रांतीच्या आगेमागे एक काम वाढतं. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो विकला जातो, आणि तुटलेला मांजा झाडांना, तारांना महिनोन्‌महिने लटकत राहतो. घारी त्यात अडकतात. हाताशी येणारा मांजा दिसला तर गुंडाळून घरी आणा नि कापून टाका. विजेच्या तारेवरच्या मांजाला मात्र हात लावू नका.

जखमी पक्षी सापडला तर जाडसर टॉवेल किंवा गोणपाट त्याच्यावर टाका, त्या कापडासकट उचला. चोचीपेक्षा नखं जास्त धोक्याची, पाय आधी आवरा. पंखात मांजा रुतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापून तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, दूध-भात भरवू नका, शेजाऱ्यांना खोकं उघडून दाखवू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. बरा होईपर्यंत घरी सांभाळतो, असं मनात आलं तरी तसं करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि शिक्र्याला काय, किती वेळा खाऊ घालायचं हे आपल्याला जमणारं नसतं.